दोन भिंगांपुढची पडझड : युद्धाची सुरुवातीची त्रिमिती छायाचित्रे



आज दुपारी तुमच्यापैकी काही जण बॉम्बे पॉइंटला जाऊन आलात असे कळले. आम्हीही गेलो होतो. आमचे गुडघे आता त्या दगडी ओट्यापर्यंतच साथ देतात, पण तिथून प्रतापगड दिसला. पाहता पाहता आम्ही एक डोळा मिटला. मग उघडला आणि दुसरा मिटला. प्रतापगड जागचा हलला नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिला तरी तसाच, एखाद्या नाटकाच्या मागच्या रंगवलेल्या पडद्यासारखा सपाट. मग नाकासमोर चष्म्याची काडी धरून तोच प्रयोग केला, तर काडी टणाटण उड्या मारते! शेजारच्या मक्याच्या कणसवाल्याने आमच्याकडे जरा काळजीने पाहिले.

कारण साधे आहे. आपल्या दोन डोळ्यांत अंतर असते साधारण साडेसहा सेंटिमीटर. जवळची वस्तू या दोन जागांवरून किंचित वेगळी दिसते. त्या दोन वेगळ्या चित्रांतून मेंदू खोली घडवतो. काही शे मीटरच्या पुढे मात्र हा फरक इतका बारीक होतो की नसल्यातच जमा. मग दूरच्या डोंगरांची खोली आपल्याला कळते ती धुक्यावरून, सावलीवरून, एक डोंगर दुसऱ्याला झाकतो त्यावरून, आणि सवयीवरून. आजच्या विषयाची किल्ली या साडेसहा सेंटिमीटरमध्ये आहे, म्हणून एवढी प्रस्तावना.

विषय आहे युद्धाने केलेल्या पडझडीची सुरुवातीची त्रिमिती छायाचित्रे. संयोजकांनी फोनवर विचारले होते, 'सर, हा विषय महाबळेश्वरला कशाला?' त्याचे उत्तर व्याख्यानाच्या शेवटाकडे येईल. आमचे सगळे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले, इतिहास हा आमचा शिकवण्याचा विषय नव्हे. पण कॉलेजात आमची खोली भूगोल विभागाच्या शेजारी होती. तिथे टेबलावर चार आरशांचे एक यंत्र असायचे. विमानातून घेतलेले दोन फोटो त्याच्याखाली शेजारी-शेजारी ठेवायचे आणि वरून पाहायचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही अक्षरशः हात पुढे करून टेकडीला शिवायला गेलो होतो. सहकारी हसले. त्यानंतर दर वर्षी ज्ञानमीमांसेच्या पहिल्या तासाला ते यंत्र उसने आणायचा आमचा परिपाठ झाला.

यंत्राचा जनक चार्ल्स व्हीटस्टन. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपला निबंध मांडला तो १८३८ साली. म्हणजे छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायच्या एक वर्ष आधी, हे लक्षात घ्या! त्याने फोटो वापरले नाहीत, वापरणार कुठून? त्याने नुसत्या रेघांनी काढलेल्या घनाकृतींच्या जोड्या वापरल्या. एक डाव्या डोळ्याला दिसेल तशी, एक उजव्या डोळ्याला दिसेल तशी. दोन आरशांतून त्या एकेका डोळ्यापुढे आणल्या आणि कागदावरच्या सपाट रेघा उठून उभ्या राहिल्या. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षे बर्कलीचे म्हणणे प्रमाण मानले जात होते. १७०९ मध्ये त्याने लिहिले होते की अंतर मुळी डोळ्याला दिसतच नाही, स्पर्शाच्या आणि हालचालीच्या अनुभवातून आपण ते शिकतो. व्हीटस्टनच्या दोन आरशांनी त्या सिद्धान्ताला धक्का दिला. पूर्ण पाडला असे आम्ही म्हणणार नाही, बर्कली इतक्या सहज पडत नाही. पण धक्का बसला.

आणि आपल्याकडे? न्यायसूत्रांत हा वाद फार पूर्वीचा आहे. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी म्हणतो, झाडाचा पुढचा भाग तेवढा दिसतो, मागचा दिसत नाही, म्हणजे 'झाड पाहिले' हे प्रत्यक्ष नव्हेच, ते अनुमान. तिसऱ्या अध्यायात तर थेट दोन डोळ्यांचा प्रश्न येतो. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू आपण उजव्या डोळ्याने ओळखतो, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या पलीकडे पाहणारा कोणी एक आहे, असा आत्म्याच्या बाजूने युक्तिवाद. त्यावर आक्षेप असा, की डोळा हे इंद्रिय एकच आहे, मध्ये नाकाचे हाड आल्यामुळे दोन वाटते. पुढे वात्स्यायन आणि उद्योतकर यांचे यावर जमले नाही. एवढी सूक्ष्म चर्चा ज्या परंपरेत झाली, तिथे कोणी दोन आरसे घेऊन बसले का नाही, असे विद्यार्थी विचारायचे. आम्ही म्हणायचो, बाबांनो, त्यांना आत्मा सिद्ध करायचा होता, खेळणे विकायचे नव्हते.

कारण स्टिरिओस्कोप फार लवकर खेळणे झाला. ब्रूस्टरने १८४९ मध्ये आरसे काढून भिंगांची सुटसुटीत पेटी केली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीला आवडली आणि मग काय विचारता! १८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली, आणि तिचे ब्रीदच असे की हे यंत्र नसेल तर घराला घर म्हणू नये. पुढे अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने १८६१ च्या सुमारास हातात धरायचे स्वस्त यंत्र तयार केले आणि त्याचे पेटंट मुद्दाम घेतले नाही. कार्ड म्हणजे सात इंच लांब, साडेतीन इंच रुंद पुठ्ठा, त्यावर शेजारी-शेजारी दोन फोटो. आपल्याकडे जत्रेत बायोस्कोपवाला असायचा, कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका होती, पण ती वेगळी. ती मंडळीने एकत्र बसून पाहायची. स्टिरिओस्कोप एकट्याने पाहायचा. दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर झापड येते आणि खोलीतले बाकी सगळे नाहीसे होते. हा फरक ध्यानात ठेवा.

आता युद्ध आणि हे यंत्र यांची गाठ कशी पडली? त्या काळी काचेवर कलोडियन ओतून, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे रणांगणावर अंधाऱ्या तंबूची गाडी बरोबर हवी. धावता घोडा, चालता सैनिक या काचेवर उमटत नसे, नुसता धुरकट फराटा यायचा. न हलणारे काय? मेलेली माणसे आणि पडलेल्या भिंती. त्यातही स्टिरिओची काच लहान, भिंग आखूड पल्ल्याचे, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा ते काम लवकर आटपे. आणि पडझड त्रिमितीत दिसते फार छान. पुढे विटांचा ढीग, मध्ये अर्धी कमान, कमानीतून दिसणारी मागची भिंत. असे थरावर थर असले की खोली उठते. अखंड भिंत त्रिमितीत कंटाळवाणी दिसते. भोक पडलेली भिंत बघत राहावीशी वाटते. 'छान' हा शब्द आम्ही वापरला, तो आम्हालाही टोचला आहे. पण तो मागे घेत नाही, पुढे लागेल.

क्रिमियात १८५५ साली सेवास्तोपोल पडले तेव्हा जेम्स रॉबर्टसन आणि फेलिचे बेआतो यांनी तिथल्या उद्ध्वस्त बुरुजांचे फोटो घेतले. त्याच वर्षी, शहर पडण्याआधी, त्या वेढ्याकडे एक हिंदुस्थानी गृहस्थ पाहून गेले होते. नानासाहेब पेशव्यांचे वकील अझीमुल्ला खान, लंडनहून रिकाम्या हाताने परतताना. 'टाइम्स'चा बातमीदार रसेल याने त्यांची भेट नोंदवून ठेवली आहे. पुढे तीन वर्षांनी हाच रसेल लखनौच्या लुटीचा साक्षीदार, आणि हाच बेआतो लखनौत कॅमेरा लावून उभा. जग तेव्हाही लहान होते.

अमेरिकेच्या यादवी युद्धात हे प्रकरण घराघरांत शिरले. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांच्या आसपास मेलेले, जखमी आणि बेपत्ता. अलेक्झांडर गार्डनर तिथे प्रेते पुरण्याआधी पोहोचला. त्याने घेतलेल्या काचांपैकी बहुतेक स्टिरिओच्या होत्या. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला मॅथ्यू ब्रॅडीच्या दालनात त्या लोकांनी पाहिल्या, विकतही घेतल्या. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हे, पण बघा. ज्या होम्सने ते हातातले यंत्र लोकप्रिय केले, त्याचा मुलगा याच लढाईत मानेत गोळी लागून जखमी झाला होता. बाप त्याला शोधत रणभूमीवर गेला. मुलगा सापडला, जगला, पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. पण होम्सने नंतर लिहिले आहे की ही कार्डे घरी आली तेव्हा ती त्याने कपाटात अगदी आत दडवून ठेवली, प्रेते पुरावीत तशी. ज्या माणसाने तीन वर्षांपूर्वी या यंत्राचे लांबलचक कौतुक लिहिले, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले ठिकाण पुन्हा भिंगातून पाहवेना. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे.

आता आपल्याकडे येऊ.

बेआतो १८५८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला उतरला. लखनौला पोहोचला तो मार्च-एप्रिलच्या सुमारास. तिथल्या सिकंदर बागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले होते. बेआतोच्या प्रसिद्ध चित्रात मागे गोळ्यांनी चाळण झालेली इमारत आहे आणि पुढे अंगणात कवट्या, बरगड्या, हाडे विखुरलेली. लढाईला चार-पाच महिने होऊन गेल्यावर ही हाडे उघड्यावर कशी? सर जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की प्रेते झाकून टाकली होती, पण फोटोसाठी ती पुन्हा उघडी करायला लावली. हे चित्र मोठ्या काचेवरचे, एका भिंगाचे. त्याला आम्ही इथे आणले ते एवढ्यासाठी, की पडझडीचा फोटो 'घेतला' जातो असे आपण म्हणतो, तो पुष्कळदा 'मांडला' जातो. रांगोळीसारखा.

तेव्हा मुंबईत काय चालले होते? मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा युरोपच्या मागोमाग आला होता. आणि इथून खाली, साताऱ्याच्या गेंडामाळावर, ८ सप्टेंबर १८५७ रोजी सतरा जणांना मारले. पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीतारामपंत. सोसायटीला तेव्हा तीन वर्षे झाली होती. आपण आज चार भिंतींवर जातो, संध्याकाळी भेळ खातो, खालचे शहर पाहतो. नावे तिथे आहेत. चेहरे आपल्यापर्यंत आले नाहीत.

यानंतर पन्नास वर्षांची उडी मारू, कारण ज्या माणसाबद्दल सांगायला आम्ही मुख्यतः आलो तो तिथे आहे. जेम्स रिकाल्टन. न्यू जर्सीतल्या मेपलवूडचा शाळामास्तर. १८८८ मध्ये एडिसनने याला जगाच्या फेरीवर धाडले, कशासाठी? दिव्याच्या तारेसाठी चांगला बांबू शोधायला! बांबू शोधता शोधता त्याला फिरण्याचा आणि कॅमेऱ्याचा नाद लागला, तीन वर्षांनी त्याने शाळा सोडली आणि तो अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीचा छायाचित्रकार झाला. कॅन्ससच्या दोन भावांची ही कंपनी. कॉलेजची पोरे दारोदार पाठवून कार्डे विकायची. १९०१ च्या सुमारास दिवसाला पंचवीस हजार कार्डे काढत असे. यांची शक्कल अशी की शंभर कार्डांचा संच, त्याबरोबर एक पुस्तक, आणि पुस्तकाबरोबर नकाशे. नकाशावर आकडा आणि त्या आकड्यापासून फाकत गेलेल्या दोन तांबड्या रेघा. म्हणजे 'तुम्ही या जागी उभे आहात आणि या दोन रेघांमधले तुम्हाला दिसते आहे.' मास्तर बोलतो, तुम्ही डोळ्याला यंत्र लावून त्याच्या मागे चालता.

१९०० मध्ये रिकाल्टन चीनमध्ये होता. बॉक्सर बंडाविरुद्ध आठ देशांच्या फौजा गेल्या, जुलैमध्ये त्यांनी तिएन्त्सिन शहर घेतले. रिकाल्टनचा शंभर कार्डांचा चीनचा संच १९०१ मध्ये निघाला. त्यात तिएन्त्सिनच्या दक्षिण दरवाज्यापाशी पडलेले चिनी मृतदेह आणि फुटलेली घरे आहेत. त्याच सालात त्याच रस्त्याने आपले शिपाई चालले होते. सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधर सिंह. त्यांनी परत आल्यावर हिंदीत 'चीन में तेरह मास' हे पुस्तक लिहिले, ते १९०२ मध्ये छापून निघाले. नदीकाठची ओसाड गावे, जळालेली घरे, आणि आपण कोणाच्या बाजूने इथे आलो आहोत याची खंत. गदाधर सिंहांना चिनी माणूस परका वाटत नाही. रिकाल्टन निर्दय नव्हता, त्यालाही वाईट वाटे. पण त्याची जागा नकाशावर आखलेली होती, दोन तांबड्या रेघांच्या टोकाला. गदाधर सिंह त्या रेघांच्या आत उभे होते.

(महाबळेश्वरकरांसाठी एक कंस. तुमच्या या गावात १८३४ ते १८६४ पर्यंत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्यांच्या बागेतले बटाटे साहेबलोकांच्या ताटात जात. चीन तुम्हाला वाटतो तेवढा लांब नाही.)

मग रिकाल्टनचा हिंदुस्थानचा संच. फोटो १९०३ च्या आसपासचे, पुस्तक १९०७ चे. पुन्हा शंभर जागा, सुरुवात मुंबईपासून. त्यात दिल्ली, कानपूर, लखनौ येतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या युद्धाची पडझड येते. पण कोणती? लखनौची रेसिडेन्सी. १८५७ मध्ये वेढ्यात सापडलेले इंग्रज जिथे राहिले ती वास्तू, तोफगोळ्यांनी फुटलेली, आणि पुढे मुद्दाम फुटलेलीच जपलेली. भोवती हिरवळ, भिंतींवर वेल.

हे कार्ड आम्हाला पुण्यात जुन्या बाजारात मिळाले, एका पितळी अडकित्त्याच्या आणि मोडक्या घड्याळाच्या मध्ये. घरी आणून यंत्रात घातले. आता कबूल करतो, पहिली भावना आनंदाची होती. भिंतीतले भोक किती खोल! वेल किती पुढे! नातीला दाखवले, ती म्हणाली, 'आजोबा, काय भारी दिसतंय!' तिला रागावायचा आम्हाला काही अधिकार नव्हता. आमच्या मनात तेच होते, फक्त आम्ही ते शुद्ध मराठीत म्हटले असते.

पण मग दुसरा प्रश्न छळू लागला. लखनौत १८५८ नंतर इंग्रजांनी शहराचा मोठा भाग रस्ते रुंद करायला आणि मोकळी मैदाने करायला पाडला. दिल्लीत लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली वस्ती जमीनदोस्त केली. तीही युद्धाचीच पडझड. ती मात्र साफ केली गेली. एक पडझड जपून ठेवली, तिला हिरवळ लावली. दुसरी इतकी नीट पुसली की तिच्यावरून रस्ता गेला. पन्नास वर्षांनी मास्तर कॅमेरा घेऊन आला तेव्हा त्याच्यापुढे फक्त पहिली होती. त्याने खोटे काही केले नाही. दोन्ही भिंगे अगदी खरे बोलतात. पण भिंगापुढे काय उरू द्यायचे हे आधीच ठरले होते.

आणि त्याच १९०७ साली पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या हातात एक मराठी पुस्तक आले. विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेत गेले आणि १८५७ मध्ये सापडले. हकीकत त्यांनी लिहून ठेवली होती, चिंतामणराव वैद्यांनी ती लेखकाच्या मृत्यूनंतर छापली, तीही सरकारची मर्जी सांभाळून थोडी इकडेतिकडे करून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ मध्ये. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजची फौज झाशीत शिरली तेव्हा भटजी शहरात होते. आधी सोनेचांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग धान्य, कपडालत्ता, असा दिवसागणिक लुटीचा क्रम ते सांगतात. राजवाड्यातल्या ग्रंथालयाची नासधूस सांगतात, आणि तिथे त्यांचा आवाज बदलतो, कारण पोथी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. रस्त्यात प्रेते, जळक्याचा वास. कॅमेरा वास घेत नाही.

आता तुम्हाला वाटेल, हे तत्त्वज्ञानाचे मास्तर म्हणणार, एक डोळा रिकाल्टनचा, एक गोडशांचा, दोन्ही एकत्र केले की इतिहासाची खोली मिळते. आम्हालाही तसे म्हणायचा मोह झाला होता. टिपणात लिहिलेही होते. काल रात्री खोडले. दोन डोळ्यांची चित्रे जुळतात कारण ती साडेसहा सेंटिमीटरवर, एकाच डोक्यात असतात. अगदी वेगळी चित्रे दोन डोळ्यांपुढे ठेवली तर काय होते हेही व्हीटस्टनने १८३८ मध्येच तपासले होते. ती एकजीव होत नाहीत. काही क्षण हे दिसते, काही क्षण ते दिसते, एकमेकाला ढकलत राहतात. रेसिडेन्सीची हिरवळ आणि झाशीतली लूट यांचे तसेच आहे. 'माझा प्रवास' वाचून ते कार्ड पाहिले की खोली वाढत नाही, कार्ड दिसेनासे होते. आणि पुन्हा यंत्र नीट धरले की भटजी दिसेनासे होतात.

पहिल्या महायुद्धाबद्दल आता थोडे, आणि इथे संयोजकांच्या प्रश्नाचे उत्तर. त्या युद्धात स्टिरिओ कार्डांचा महापूर आला. 'रिअ‍ॅलिस्टिक ट्रॅव्हल्स' या कंपनीचा हिल्टन डेविट गर्डवुड, १९११ च्या दिल्ली दरबाराचे फोटो घेतलेला माणूस, १९१५ मध्ये फ्रान्समध्ये हिंदी सैन्याचे फोटो घ्यायला गेला. त्यातले पुष्कळ प्रसंग आघाडीच्या मागे, सुरक्षित जागी उभे करून घेतलेले. न्यव्ह शापेल हे फ्रान्समधले गाव तेव्हा विटांचा ढीग झाले होते. त्याच गावात, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्यांना पायदळासारखे घरोघर लढायला लावले. मूळ काम पूल बांधायचे, खंदक खणायचे. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. याच युद्धात विमानांतून एकामागून एक घेतलेले दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली ठेवून खंदकाची खोली मोजू लागले. म्हणजे आम्ही कॉलेजात ज्यात टेकडीला शिवायला गेलो, त्या पद्धतीची जोपासना तोफांचा नेम धरण्यासाठी झाली होती. खेळण्याचे पुन्हा अवजार झाले.

आमचे गाव कोरेगाव तालुक्यात. सातारा जिल्ह्यातून किती माणसे गेली हे तुम्हाला सांगायला नको. एकट्या अपशिंग्याची शेहेचाळीस परत आली नाहीत. आमच्या आजोबांचे थोरले बंधू मराठा पलटणीत होते. ते फ्रान्सला नाही, मेसोपोटेमियाला गेले. कूत अल अमाराच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्या लोकांनी किती दिवस ते तोंडात घेतले नाही. शरणागतीनंतर हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत नेले. रास अल ऐनला रेल्वेच्या कामावर पुष्कळ मेले. थोरल्या आजोबांचे पुढे काय झाले ते घरी कधीच कळले नाही. आली ती ब्राँझची एक गोल तबकडी. तीवर बाई, सिंह आणि इंग्रजीत नाव. आमची आजी उन्हाळ्यात पापड वाळत घातले की कापड उडू नये म्हणून कोपऱ्यावर ती ठेवायची. अनादर म्हणून नव्हे. जड होती, आणि घरात दुसरे काही त्या कामाचे नव्हते.

बसऱ्याला १९२९ मध्ये युद्धस्मारक उभे राहिले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे. अमुक पलटण, इतके. त्यांची नावे कागदावरच्या यादीत राहिली. न्यव्ह शापेलच्या १९२७ च्या स्मारकावर तरी नावे आहेत. वाळवंटात आकडा.

म्हणून आम्ही ती कार्डे शोधत बसलो. जुन्या बाजारात, लिलावांच्या यादीत, एका पारशी बाईंच्या ट्रंकेत. वय सत्तरीच्या पुढे गेल्यावर माणसाने असे काही करू नये, असे घरचे म्हणतात. आम्हाला थोरल्या आजोबांचा चेहरा माहीत नाही, त्यामुळे ते एखाद्या कार्डात असले तरी ओळखणार कसे? न्यायसूत्रातली ती ओळखण्याची गोष्ट आठवा. डाव्याने पाहिलेले उजव्याने ओळखायचे, तर आधी कोणीतरी पाहिलेले हवे. आमच्या आजीने पाहिले होते. ती १९७१ मध्ये गेली. तेव्हा आम्ही तरुण होतो, कांटवर टिपणे काढत होतो, आणि तिला 'तुझे दीर दिसायला कसे होते गं?' असे एकदाही विचारले नाही.

प्रश्नोत्तरांआधी एक सूचना. मागच्या टेबलावर होम्सच्या धाटणीचे यंत्र आणि अकरा कार्डे ठेवली आहेत. रेसिडेन्सी आहे, तिएन्त्सिनचे एक आहे, बाकी फ्रान्सची. चष्मा असलेल्यांनी चष्मा ठेवूनच पाहावे. कार्डाचा सरकता आधार हळूहळू मागेपुढे करा, एका जागी चित्र एकदम उठेल. ज्यांना ते उठून दिसणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, काही जणांच्या डोळ्यांना ते जमतच नाही. तिएन्त्सिनचे कार्ड लहान मुलांना देऊ नका. ते पाकिटात पालथे ठेवले आहे, पाहून झाले की तसेच पालथे ठेवा.

आणि तबकडी आणली आहे. ती हातात घ्यायला हरकत नाही.